कपाशीत उतरलेली छत्री

सुकलाल मास्तरांचं रॉकेट शब्बीरने पंधरा दिवस राबून केलं होतं. शब्बीर शहाद्याचा पत्र्याचा कारागीर. सारंगखेड्याच्या जत्रेत त्याचे कंदील हातोहात खपत. पण आभाळात जाणारी वस्तू त्याने कधी बनवली नव्हती. मास्तरांना ती शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात उडवायची होती. पुठ्ठ्याचं हातभर लांब धड, त्यात खालून बसणारी बंदुकीच्या दारूची नळी. नळी जळाली की तिच्या पत्र्याच्या घरासकट पिळून बाहेर काढायची आणि नवी बसवायची. वर भोकांची चकती, म्हणजे आग तिथेच अडावी आणि रॉकेट अलगद उतरवणारी टोकातली रेशमी छत्री जळू नये. ती चकती शब्बीरने चार वेळा मोडून पुन्हा केली होती.

पासष्टच्या सप्टेंबरात एका सकाळी दोघांनी ते तापीकाठच्या माळावर उडवलं. झकास वर गेलं. छत्री उघडली आणि तरंगत पलीकडच्या कपाशीत उतरली. मास्तर खूश होऊन सायकलवर शाळा गाठायला निघाले. शब्बीर कपाशीत धावला. चकती टिकली का, हे बघायची त्याला इतकी घाई की नळीचं तापलेलं घर त्याने ओढून काढलं आणि पाटाच्या पाण्यात फेकलं. चकती शाबूत होती. तो हसत उभा राहिला, तर भोवती सात-आठ जण काठ्या घेऊन उभे.

लढाई सुरू होती. शत्रूची माणसं छत्र्यांनी उतरतात, ही आवई गावोगाव पोचली होती.

"नाव काय तुन्हं?" झिपरू पाटलाने विचारलं.

"शब्बीर."

यापुढे विचारण्यासारखं फारसं उरलं नाही. तरी झिपरूने धडाच्या आत हात घालून विचारलं, "हाई पोकळ कसं? मझारलं कोठे गयं?"

"काढी टाकं. काढता येस, तीज तर खुबी शे," शब्बीर कौतुकाने म्हणाला.

पहिली काठी त्या वाक्यावर पडली.

चौकीत जमादाराने चकती तोंडाशी धरून पाहिली. भोकं असलेली वस्तू बोलण्यासाठीच असते, असं त्याचं मत पडलं.

"कोणाशी बोलत होतास?"

"कोनशीच नही, साहेब. ती आग अडावासाठे शे."

"म्हणजे आग लावायचीच होती. कुठे?"

"सुकलाल मास्तरले इचारा, साहेब," शब्बीर म्हणाला. त्याचे कंदील घेणारी दोन माणसं दारावरून गेली. दोघांनी माना वळवल्या. तळोद्याहून चार दिवसांपूर्वी बदलून आलेल्या दगा शिपायाने त्याला दोन थपडा दिल्या आणि कोठडीत ढकललं.

दुसऱ्या सकाळी मास्तर दुसरी नळी घेऊन धापा टाकत आले.

"हे मी करवून घेतलंय, जमादारसाहेब."

"मग उडवून दाखवा."

शब्बीरला बाहेर काढलं. ठणकत्या हातांनी त्याने नळी बसवली. चौकीमागून रॉकेट वर गेलं, छत्री उघडली आणि पुन्हा कपाशीकडे निघाली. जमादाराची खात्री पटली. पण सोडायचा हुकूम वरच्या साहेबांकडूनच आणायला हवा होता, म्हणून शब्बीरला परत आत घालून तो मास्तरांसह शहाद्याला गेला. दगाला त्याने रॉकेट आणायला पिटाळलं.

तासाभराने गलका ऐकू आला. झिपरूच्या माणसांनी दगाला त्याच्याच पट्ट्याने बांधून आणलं होतं. छत्री हातात, अंगात खाकी. शत्रू खाकी घालून उतरतो, हेही आता गावाला ठाऊक झालं होतं. चौकीत जमादार नाही. झिपरू गजांपाशी आला.

"भाऊ, तू कालपासून आठे शे. हाऊ खरा पोलीस शे का?"

शब्बीरने दगाकडे पाहिलं. ओठ फाटलेला, डोळा मिटलेला. दगा त्याच्याकडेच बघत होता.

"शे," तो म्हणाला. "सोडा त्याले. आपलाज माणूस शे."

झिपरूने लगेच पट्टा सोडला. माणसं पांगली. दगाने तोंड धुतलं आणि येऊन कोठडीचं दार हलवून पाहिलं. गर्दीच्या रेटारेटीत कुलूप निखळून लोंबत होतं.

"जमादार येस तवलोंग तुले मझारज बसनं पडी, भाऊ," तो दार पुन्हा ओढून घेत, खाली बघत म्हणाला.

कुलूप लावायला त्याची सुजलेली बोटं चालेनात. थोडा वेळ शब्बीरने ती खटपट पाहिली. मग गजांतून हात काढून त्यानेच ते दाबून बसवलं.