साडेसहाची घंटी

रोज संध्याकाळी सहाला पाच कमी असताना वासुदेवभाऊ आपल्या घरातल्या फ्रिजचा प्लग उपटतात. मग पंखा बंद. मग भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून खिशात. आणि तेवढ्यात आमच्या घरी मिक्सर सुरू असेल, तर मधल्या भिंतीवर एक टोला. एकच. माझी बायको शोभा लगेच हात आवरते, कारण एक टोला म्हणजे थांबा, हे अख्ख्या आळीला पाठ आहे.

"फ्रिज गुनगुनते जी, मास्तर," त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं, तेव्हा आवाज असा खाली आणला होता की जणू फ्रिज ऐकेल. "गानाऱ्याच्या मागं बसून सूर धरते. अन् बेसूर धरते!"

मी झाडीपट्टीच्या नाटकांत वीस वर्षं खलनायक वठवलेत. पण खलनायकाकडेही मी कधी त्या नजरेनं पाहिलं नसेल, ज्या नजरेनं वासुदेवभाऊ फ्रिजकडे पाहतात.

हा सगळा थाट एका काळ्या, चपट्या डब्यासाठी. दिसायला जुन्या व्हीसीआरसारखा. तो इंटरनेटवरून गाणं ओढतो आणि मोठ्या स्पीकरांत सोडतो. वासुदेवभाऊ चिखल्याच्या मँगनीज खाणीतून निवृत्त होऊन अड्याळला परतले, तेव्हा मुलानं, प्रशांतनं, तो बसवून दिला आणि वर्षभरात स्वतः कॅनडाला गेला. डब्याच्या तोंडावर एक छोटी खिडकी आहे. गाणं सुरू झालं की तीत त्याची शुद्धता सांगणारे चोवीस आणि एकशे ब्याण्णव असे आकडे उमटतात. ते उमटल्याशिवाय वासुदेवभाऊ खुर्चीला पाठ टेकत नाहीत.

"मोबाइलवर कोंडा येते, मास्तर. तांदूळ माह्या डब्यात येते."

मग ऐकण्याचा कार्यक्रम. पण गाणं ऐकायचंच नाही! गाण्याच्या मधलं ऐकायचं.

"ऐकलं? तबल्यावाल्यानं बैठक बदलली."

"वा!" मी.

"आता तंबोरेवालीची बांगडी. डाव्या हातची."

"क्या बात है!"

मला ना बांगडी ऐकू येते ना बैठक. पण चहा चांगला मिळतो आणि माझा अभिनयाचा सराव होतो.

डबा म्हातारा झालाय, ही खरी पंचाईत. ज्या कंपनीनं तो केला तिनं असे डबे करणं कधीच सोडलं. तो चालवायचं अ‍ॅप नव्या फोनवर येत नाही. म्हणून वासुदेवभाऊंनी एक जुनी टॅब्लेट जपून ठेवलीय. तिची बॅटरी मेलेली, त्यामुळे ती चार्जरच्या वायरीला दावणीला बांधल्यासारखी असते. ती रोज विचारते, अपडेट करू का? वासुदेवभाऊ रोज 'नंतर'वर बोट ठेवतात. एकदा हो म्हटलं की नवं अ‍ॅप जुन्या डब्याला ओळख देणार नाही, अशी त्यांना पक्की भीती.

'नंतर' हा पुढे त्यांचा सगळ्यालाच जबाब झाला. डॉक्टर म्हणाले गुडघ्याचं ऑपरेशन करा. "नंतर." बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, त्यांच्या शेतात धान करणारा म्हणाला, भाऊ, एकदा बांधीवर येऊन पाहा. "नंतर." प्रशांत दर रविवारी फोनवर म्हणतो, बाबा, इकडं या. "नंतर. डब्याले कोन पाहील?"

राउटरपासून डब्यापर्यंत घरातून एक पिवळी वायर गेलीय. वहिनी होत्या तेव्हा त्यांनी एकदा तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला होता. वासुदेवभाऊ किंचाळले, "गानं ओलं होते ना!" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मंग जरा पिळून ऐका." तो किस्सा भाऊ आजही सांगतात. सांगून हसतात, आणि मग उगाच त्या वायरीवरची धूळ पुसतात. वहिनींना जाऊन पाच वर्षं झाली.

आता त्या साडेसहाबद्दल सांगतो.

रोज साडेसहाच्या सुमाराला गाणं रंगात आलेलं असताना मधेच तुटायचं. शब्दसुद्धा पुरा व्हायचा नाही. खिडकीतले आकडे जायचे आणि इंग्रजीत पाटी यायची की हे खातं दुसरीकडे वापरात आहे. खातं प्रशांतचं. एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. तिकडे सकाळी तो कामाला निघाला, आगगाडीत बसून कानात गाणं लावलं, की इकडे अड्याळात बापाचं गाणं बंद.

"आला!" वासुदेवभाऊ मांडीवर थाप मारायचे. "आला पाहा हरामखोर! समेवर येऊनच राहिलो होतो, तं यानं टांग मारली!" मग उठून फ्रिजचा प्लग लावायचे, घड्याळात सेल घालायचे आणि आमचा चहा ठेवायचे. पाऊण तासानं खातं मोकळं व्हायचं, पण ते पुन्हा काही लावायचे नाहीत.

मला रोज ते पाहून हळहळ वाटायची. सकाळपासून वाट पाहणारा माणूस, आणि पदरात अर्धा तास! शेवटी मी ठरवलं, आपण याचा बंदोबस्त करू. हे माझं नेहमीचं आहे. नाटकात मी लोकांचं वाटोळं ठरवून करतो, घरी मात्र चांगलं करायला जाऊन.

धानकापणीच्या दिवसांत बटईवाल्यानं फारच धरलं, तेव्हा वासुदेवभाऊ एका दिवसासाठी शेतावर गेले आणि किल्ली माझ्याकडे दिली. मी प्रशांतला फोन लावला. तो थक्क झाला.

"काका, मी बाबांचं गाणं तोडतो? रोज? त्यांनी कधीच नाही सांगितलं मला!"

दहा मिनिटांत त्यानं बाबांसाठी वेगळं खातं काढून पाठवलं. डब्याला कीबोर्ड नाही. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षरापर्यंत चालत जायचं आणि ते उचलून आणायचं. पासवर्ड भरायला मला अर्धा तास लागला. झाल्यावर मी त्या रिकाम्या घरात, एकटाच, प्रेक्षकांना करतात तसा वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मी सहाच्या आधीच जाऊन बसलो. प्लग निघाला, सेल खिशात गेला, आकडे उमटले. साडेसहा झाले. गाणं चालूच. मी ओठ दाबून हसू आवरत होतो.

वासुदेवभाऊंनी डब्याकडे पाहिलं. घड्याळ बंद होतं, तरी त्यांना वेळ बरोबर कळली होती. सहा-पस्तीस. गायिका सुरेख समेवर आली. त्यांचं लक्ष नव्हतं. सहा-चाळीसला ते उठून डब्यासमोर उभे राहिले.

"बंद काहून नाई होऊन राहिलं?"

"ऐका ना भाऊ. मस्त चाललंय."

"मास्तर, प्रशांतले फोन लावा."

लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. वासुदेवभाऊ पिवळी वायर डब्यापासून राउटरपर्यंत चाचपत गेले. मी सगळं कबूल केलं. वेगळं खातं, रिमोट, अर्धा तास, सगळं. तेवढ्यात प्रशांतचा मेसेज आला: गाडीतूनच मीटिंगमध्ये आहे काका, बाबांचं गाणं चालू आहे ना?

मी तो वाचून दाखवला. वासुदेवभाऊ खुर्चीत बसले. गाणं त्यांनी स्वतः बंद केलं. त्या घरात किती शांतता असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

"खानीत मी काय काम करत होतो, ठाऊक आहे तुमाले?"

"माणसं खाली-वर करायचं मशीन चालवत होता."

"हो. वाइंडिंग. मानसं पिंजऱ्यात, केजमधी, बसून खाली जात, अन् मी वरती खोलीत. मले एकही मानूस दिसे नाई. निस्ती घंटी. एक घंटी आली का थांबवा. आपन तेच घंटी परत वाजवाची, म्हनजे खालच्याले समजते का वरच्यानं ऐकलं. घंटी आली का मी कधी घाबरलो नाई, मास्तर. घंटी नाई आली का घाबरत होतो."

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"पोरगा रविवारी फोन करते. बरा आहो म्हनते. बरा आहो तं सारेच म्हनतेत. मागच्या साली आठ दिवस माहं गानं कोनी तोडलं नाई. पूरं वाजे. मले समजलं, हा कामावर जाऊन नाई राहिला. रविवारी इचारलं. म्हने, बरा आहो बाबा. नवव्या दिवशी साडेसहाले गानं तुटलं, अन् मी इथं देवाजवर दिवा लावला. नोकरी गेली होती, दुसरी लागली, हे त्यानं दोन महिन्यानं सांगतलं."

मी रिमोट उचलला. "जुना पासवर्ड आठवतो?"

तो त्यांना तोंडपाठ होता. ते एकेक अक्षर सांगत गेले, मी बाणांवरून चालत गेलो. शेवटचं अक्षर बसल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्याले सांगू नोका. त्याले समजलं तं तो माह्यासाठी मुद्दाम लावन. तशी घंटी मले नोको."

मी प्रशांतला लिहिलं: गाणं उत्तम चालू आहे. आयुष्यात इतका चांगला अभिनय मी रंगमंचावरसुद्धा केलेला नाही.

पुढच्या दिवशी मी मुद्दाम गेलो नाही. घरीच ओट्यापाशी शोभाला लसूण सोलून देत बसलो. भिंतीपलीकडून आलाप येत होता. साडेसहा वाजून दोन मिनिटांनी तो मधोमध तुटला. आणि लगेच भिंतीवर एक टोला पडला.

शोभा दचकली. "मिक्सर तं मी लावलाच नाई!"

मी लसणाचे हात पुसले, भिंतीजवळ गेलो आणि एक टोला परत दिला.