अकरा दिवस, शून्य तक्रारी

पैसे मोजून घेतलेली सेवा बंद पडली की ग्राहकाचं नुकसान होतं, आणि नुकसान झालं की भरपाई मिळालीच पाहिजे, हे तत्त्व इतकं स्वच्छ आहे की आजवर त्यावर कोणी विचारच केला नव्हता. तो करण्याची पाळी शेवटी निवारणरावांवर आली.

निवारणराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑनलाइन व्यायामवर्ग चालवणाऱ्या एका कंपनीत ते तक्रार निवारण अधिकारी होते, आणि ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य नऊ वर्षं लिहून लिहून त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. त्यांच्या विभागात एक टेबल, एक फोन, एक न उघडणारी खिडकी आणि ते स्वतः एवढा सगळा कर्मचारीवर्ग होता.

कंपनीची सेवा उत्तम होती. वर्षाची वर्गणी एकदम भरायची आणि रोज सकाळी सहा वाजता मोबाइल समोर ठेवून चाळीस मिनिटं व्यायाम करायचा. पडद्यावरचे मास्तर ‘पाठ सरळ! पोट आत!’ असं ओरडत. (मास्तरांचं स्वतःचं पोट पडद्यावर येऊ नये यासाठी कॅमेरावाल्याला वेगळा भत्ता होता.) ग्राहक एकूण एकेचाळीस हजार तीनशे सहा. कंपनीच्या पाहणीनुसार ग्राहक पहिल्या आठवड्यात पाच दिवस व्यायाम करतो, दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, तिसऱ्या आठवड्यात चटईची गुंडाळी करून ती कपाटामागे ठेवतो, आणि चौथ्या आठवड्यापासून नातेवाइकांना व्यायामाचं महत्त्व सांगू लागतो. वर्ष संपलं की सत्त्याण्णव टक्के लोक पुन्हा वर्गणी भरतात. उरलेल्या तीन टक्क्यांत मयत ग्राहकही धरलेले आहेत.

अशा या सुरळीत कारभारात एका सोमवारी तंत्रज्ञाने दुरुस्तीसाठी मुख्य यंत्र बंद केलं आणि ‘जेवून आलो की चालू करतो’ असं म्हणून तो जेवायला गेला. जेवणाच्या सुट्टीला लागूनच त्याची वार्षिक रजा सुरू होत होती, हे तो विसरला होता. जेवताना त्याला ते आठवलं आणि तो यंत्र विसरला.

सेवा अकरा दिवस बंद राहिली. बाराव्या दिवशी ही गोष्ट उघडकीला आणली ती ग्राहकांनी नव्हे, तर सफाईच्या मावशींनी.

“मागच्या खोलीतलं ते यंत्र हल्ली घरघरत नाही हो,” त्या सहज म्हणाल्या. “बरं झालं बाई. दुपारी जरा डोळा लागतो.”

यंत्र ताबडतोब चालू करण्यात आलं आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे कंपनीच्या प्रमुखांनी, निवारणरावांना बोलावून घेतलं.

“अकरा दिवसांत तक्रारी किती आल्या?”

“एकही नाही, बाई,” निवारणराव म्हणाले. त्यांना वाटलं, शाबासकी मिळणार.

बाईंचा चेहरा पडला. पुढच्या शुक्रवारी कंपनीत मोठी रक्कम घालायला एक गुंतवणूकदार येणार होता. सेवा अकरा दिवस बंद होती आणि कोणाला पत्ताही लागला नाही, हे त्याला कळलं तर कंपनीची झाकली मूठ उघडी पडणार होती. “मला तक्रार हवी आहे,” बाई म्हणाल्या. “निदान एक तरी. खरी, सहीची. हवी तेवढी भरपाई द्या. आणि तक्रारच येणार नसेल, तर तक्रार विभाग ठेवायचा कशाला, ते तुम्हीच मला सांगा.”

निवारणराव बावन्न वर्षांचे होते. दिलगिरी व्यक्त करण्याखेरीज कुठलंही काम त्यांना येत नव्हतं आणि बाहेरच्या बाजारात दिलगिरीला भाव नव्हता. ते फोनला चिकटले.

भरपाईचा नियम तयारच होता. कलम चौदानुसार कोणताही ग्राहक भरपाईस पात्र होता. त्याने फक्त एक पानी अर्ज भरायचा. पहिल्या प्रश्नात नाव, दुसऱ्यात पत्ता. तिसरा प्रश्न असा: ‘सेवा बंद असल्याचे कोणत्या दिवशी आपल्या लक्षात आले? त्याआधी का आले नाही?’

पहिला फोन एका निवृत्त मुख्याध्यापकांना लागला. “बंद होती? शक्यच नाही,” ते कडाडले. “माझा एक दिवस चुकलेला नाही!” दुसरा फोन एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना. त्या म्हणाल्या की गेल्या पंधरवड्यात मास्तर विशेष रंगात होते आणि आपल्या कंबरदुखीला पुष्कळच उतार पडला आहे. तिसरा गृहस्थ भरपाईचा आकडा ऐकून क्षणभर मऊ झाला होता; पण तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, “कोणाचा फोन? कसली सेवा बंद होती?” आणि त्याने “राँग नंबर” म्हणून फोन ठेवला.

गुरुवार दुपारपर्यंत निवारणरावांनी दोनशे बारा फोन केले. त्यांपैकी एकशे अठ्ठ्याण्णव जणांनी बंद यंत्रावर नियमित व्यायाम केला होता. बाकीच्यांनी कानावर हात ठेवले. बंद काळातल्या सेवेला ग्राहकांनी पाचपैकी चार पूर्णांक सहा गुण दिले. (चालू काळातले गुण तीन पूर्णांक नऊ.)

दोनशे तेरावं नाव वाचून मात्र ते थबकले. कर्मचारी सवलतीत वर्गणी भरलेली ती ग्राहक त्यांच्याच घरी राहत होती. रोज सकाळी सहा वाजता ती आतल्या खोलीचं दार लावून घेत असे. त्या अकरा दिवसांतही तिने ते लावलं होतं.

संध्याकाळी बायको गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. निवारणरावही मदतीला गेले, यावरूनच तिला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

“मागे अकरा दिवस आमची सेवा बंद होती,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

निवारणरावांच्या हातातली उशीची खोळ खाली पडली. “कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. सहा वाजून एक मिनिटाने. तो मेला ओरडलाच नाही.”

“मग तक्रार का नाही केलीस? माझ्याकडेच तर करायची होती!”

“तक्रार कसली? अहो, देव पावला मला. एरवी त्याला उशीखाली दाबून ठेवावं लागतं. मी कोणापाशी ब्र काढला नाही. म्हटलं, दृष्ट लागायची.”

“आणि आत करतेस काय तू?”

“बसते.”

“नुसती?”

“नुसती. खिडकीशी. समोरच्या गच्चीवर एक मांजर येतं, ते बघते.” तिने खोळ उचलून झटकली. “चाळीस मिनिटं मला कोणी हाक मारत नाही. तुमच्या आई स्वतः सगळ्यांना सांगतात, तिचा व्यायाम चाललाय, त्रास देऊ नका. ‘मी जरा नुसती बसते’ म्हटलं असतं, तर या घरात कोणी बसू दिलं असतं का? त्याचे पैसे भरते मी.”

निवारणरावांना फार वाईट वाटलं. नऊ वर्षं ते परक्यांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर होत आले होते. घरातल्या घरात दिलगीर होण्याची ही पहिलीच वेळ होती आणि नेमकं आत्ता ते वाक्य त्यांच्या तोंडून फुटेना.

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. एकेचाळीस हजार तीनशे सहा ग्राहकांत तिसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर देऊ शकणारी ती एकटीच होती.

“अर्ज केला की कंपनीचं पत्र घरी येणार,” ती म्हणाली. “ते आई चष्मा लावून आधी वाचणार. मग ते अकरा दिवस मी आत काय करत होते, ते सगळ्यांना कळणार.” थोडा वेळ ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. “नोकरी जाईल का हो तुमची?”

“बहुतेक.”

“मग आणा तो अर्ज इकडे.” आणि तिने सही केली.

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत गुंतवणूकदार समोर बसला होता. बारीक चणीचा, शांत माणूस. नोंदींत बंद काळ त्याला दिसणारच होता, म्हणून बाईंनी आपणच तो विषय काढला आणि निवारणरावांकडे आशेने पाहिलं. अर्ज त्यांच्या आतल्या खिशात होता. त्यांनी खिशात हात घातला. कागद हाताला लागला, आणि त्यांना ती खिडकी आठवली आणि ते मांजरही.

“तक्रारी शून्य,” ते म्हणाले, आणि हात रिकामाच बाहेर काढला.

बाईंनी डोळे मिटून घेतले. गुंतवणूकदाराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“अकरा दिवस बंद. आणि एकही माणूस बोलला नाही?”

“नाही.”

“मग चालू कशाला केलीत?” तो म्हणाला.

पुढचं सगळं रीतसर झालं. एक तारखेपासून सेवा कायमची बंद ठेवण्यात आली. विजेचं बिल वाचलं, मास्तरांना निवृत्तिवेतन लागू झालं, मावशींना मागच्या खोलीत गादी मिळाली. वर्गणीत मात्र थोडी वाढ झाली, कारण दर्जा सुधारला होता. निवारणरावांचा विभाग बरखास्त होण्याऐवजी दुप्पट झाला. त्यांना उघडणारी खिडकी मिळाली. घरी त्यांनी स्वतःसाठी संध्याकाळच्या सातच्या नव्या वर्गाची वर्गणी सवलत न घेता पुरी भरली. आता सात वाजता त्यांची बायको बाहेर सगळ्यांना सांगते, त्यांचा व्यायाम चाललाय.

भरपाईचं तत्त्व कंपनीने सोडलेलं नाही. कलम चौदा जसंच्या तसं आहे, अर्जही मोफत मिळतात. ज्या वाचकांना आपणही या सेवेचे ग्राहक असल्याचा संशय आहे, त्यांनी जरूर अर्ज करावा. फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोकळं सोडू नये. आणि जे वाचक आत्ता दार लावून हे वाचत बसले आहेत, त्यांनी बाहेर काय सांगितलंय ते आम्ही विचारत नाही. अधूनमधून जोराने श्वास तेवढा सोडत जावा. बाहेरच्यांना खरं वाटतं.