थंड, उष्ण, वातूळ आणि महानंदाअक्का

आमच्या घरातलं वायफाय महानंदाअक्कानं मारलं. ओला फडका घालून.

दोन दिवस आम्ही गावाला गेलो होतो. झाडांना पाणी घालायला किल्ली अक्काकडे ठेवली होती. परत येऊन बघतो तर तापाच्या रोग्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवावी, तसा राउटरवर चौपदरी ओला फडका आणि दिवे सगळे विझलेले.

"मास्तर, त्या डबीला लई ताप व्हता," अक्का म्हणाली. "हात लावून बगितला मी. रातंदिस नुसती लुकलुक लुकलुक. उष्ण हाय ती. म्हनलं, तुमी यीपर्यंत उतरंल."

"उतरला," मी म्हणालो. "कायमचा."

"मग झालं तर," असं म्हणून अक्का समाधानानं निघून गेली.

केजमधल्या आमच्या गल्लीत अक्का समोर राहते. वय सत्तरीच्या पुढं, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की बसस्टँडवर उभं केलं तर जीपवाल्यांना गिऱ्हाइकं बोलवायला ओरडायची गरज नाही. जगातल्या सगळ्या वस्तूंचे तिच्या लेखी तीनच प्रकार. थंड, उष्ण आणि वातूळ. आता दही थंड, शेंगदाणा उष्ण आणि हरभऱ्याची डाळ वातूळ, हे कुणीही सांगेल. पण अक्का तिथं थांबत नाही. बँकेत मुदतीवर ठेवलेला पैसा थंड. "पडून ऱ्हातो बिचारा, कुनाला तरास न्हाई." सोनं उष्ण, पण बाईच्या अंगाला मानवतं. आणि मोबाईलवरून येणारा-जाणारा पैसा निव्वळ वातूळ. "आला कधी कळत न्हाई, गेला कधी कळत न्हाई. मधी नुसता आवाज." दुकानातला डबा 'रुपये प्राप्त झाले' असं ओरडला की ती पोटावर हात ठेवून म्हणते, "बगा, धरला वात."

मिक्सरची चटणी ती खात नाही, कारण त्यात गरगर फिरून मिरचीला चक्कर येते. कूलरचा वारा थंड, पण "उसना." आमच्या शाळेचे मुख्याध्यापक रोज पहाटे पळायला जातात. त्यांना तिनं एकदा रस्त्यात अडवलं. "सर, कावून पळायलाव? मागं कुनी लागलंय का?" सर म्हणाले, वजन कमी करायचंय. "मग पळून पळून भूक लागंल. भूक लागली की खासाल. खाल्लं की पुन्ना पळसाल. त्याच्यापरीस बसा की एका जागी." सर त्या दिवशी खरंच बसले. आमच्याच ओट्यावर. चहा पिऊन गेले.

माणसांचीही तीच गत. मी थंड. माझी बायको उष्ण, "पर चांगली उष्ण, गुळावानी." आमदारकीला उभे राहणारे सगळे वातूळ. आणि या तिन्हींत न बसणारा, अक्काच्या मते तिन्ही दोष एकत्र असलेला जिल्ह्यातला एकमेव जीव म्हणजे सुभद्राबाई.

सुभद्राबाई अक्काची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे गेले. घराची वाटणी होऊन मध्ये एक विटेची भिंत आली. अलीकडं अक्का, पलीकडं सुभद्राबाई. अक्का तिचं नाव घेत नाही. "पलीकडची" म्हणते. अक्काला मूलबाळ नाही. सुभद्राबाईची एकच मुलगी, रेखा. ती दोघींच्या कडेवर वाढली आणि अक्काला 'मोठीमाय' म्हणते.

भांडणही रेखाच्या लग्नात झालं. स्वयंपाकाची सूत्रं अक्काकडे होती. ऐन लग्नाच्या दिवशी तिनं आचाऱ्याला बेसनाला हात लावू दिला नाही. वातूळ! पाव्हण्यांची पोटं बिघडायला नकोत. वांगंही बाद. वातूळ! पंगत बसली, वरण-भात आला, बुंदीची तर गोष्टच सोडा, साधं भजंसुद्धा पानात पडलं नाही. वराचे चुलते ताटावरून उठले. बिनभज्याचं लग्न त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. शेवटी हॉटेलातून भजी आणली, पाव्हणे बसले, आणि सुभद्राबाई भर मांडवात म्हणाली, "अक्का, वात भज्यात न्हाई, तुमच्या डोस्क्यात झालाय."

तेव्हापासून अबोला. रेखाचा मुलगा आता शाळेत जातो, तरी अबोला.

अबोला म्हणजे बोलणं बंद, असं मात्र नव्हे. दोघी आपापल्या ओट्यावर, मध्ये हातभर अंतर, आणि मी समोर दाढी करत असलो की अक्का ओरडायची, "मास्तर, पलीकडं सांगा, नळाला पानी आलंय!" मी तोंडाला फेस असताना सांगायचो, "काकू, पाणी आलंय." सुभद्राबाई म्हणायची, "त्यांना सांगा, मला डोळे हायेत." मी म्हणायचो, "अक्का, त्यांना डोळे आहेत." बायको म्हणते, शाळेपेक्षा जास्त शिकवणं माझं इथं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर एके सकाळी अक्का थेट आमच्या स्वयंपाकघरात आली. आवाज नेहमीचा नव्हता.

"मास्तर, पलीकडचं दार न्हाई उघडलं अजून."

आम्ही गेलो. मी हाका मारल्या. आतून नुसतं कण्हणं ऐकू आलं. कडी सैल होती, धक्क्यानं निघाली. सुभद्राबाई तापानं फणफणली होती, डोळे उघडत नव्हते. मी रिक्षा बोलावली. अक्का घरात जाऊन लोकरीचा स्वेटर घेऊन आली. मला वाटलं, पेशंटसाठी.

दवाखान्यात सलाईन लावल्याबरोबर अक्का स्टुलावर चढली आणि तो स्वेटर बाटलीला घालू लागली. सिस्टर धावत आली. "ओ आजी, काय करायलाव?"

"बाटली गार हाय. ही थेट रगतात चालली. आदी तिला ऊब तर यीऊ द्या!"

"उतरा खाली! पडसाल!"

"मी पडले तर मला गरम बाटली लावा."

डॉक्टर तरुण होता, हसरा. त्यानं स्वेटर काढला नाही, फक्त बाटलीवरचे आकडे दिसतील एवढा वर सरकवला. मग विचारलं, "यांनी काय खाल्लं होतं?"

मला काय माहीत? अक्का म्हणाली, "परवा कढी केलती, पर न खाता टाकली असंल, भांडं लगेच घासलं. काल निसता चहा. रात्री चूल पेटलीच न्हाई."

मी चाट पडलो. "अक्का, तुमचं तर बोलणं नाही!"

"बोलनं न्हाई. नाक तर हाय की. फोडनीला भिंत अडवती व्हय?"

"तुम्ही कोण यांच्या?" डॉक्टरनं कागदावर लिहायला पेन उचलला.

अक्कानं बाटलीवरच्या स्वेटरची बाही सारखी केली. "शेजारीन," ती म्हणाली.

दुपारी मी कँटीनमधून चहा आणला. अक्का बाहेरचं पाणीसुद्धा तोंडाला लावत नाही. पण तिनं कप घेतला आणि प्यायली. मी गंमत म्हणून विचारलं, "कसाय अक्का? थंड, उष्ण, का वातूळ?"

"काय की, मास्तर," ती म्हणाली. "मला आज कशाचंच कळंना."

मला हसू आलं नाही.

सुभद्राबाई वाचली. ताप उतरला. रेखा लातूरहून आली आणि आईला महिनाभर तिकडं न्यायचं ठरलं. जीप गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. रेखा मोठीमायच्या पाया पडली. अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, सांगा त्यांना, खिडकीला बसू नका म्हनावं." जीपमधून सुभद्राबाई क्षीण आवाजात म्हणाली, "मास्तर, सांगा त्यांना, मिरच्या वाळत घातल्यात, बगा म्हनावं." मी दोन्ही निरोप पोचवले. जीप गेली.

त्यानंतर अक्काचं काहीतरी बिघडलं. मुख्याध्यापक पळत गेले, तिनं अडवलं नाही. दुकानातला डबा ओरडला, ती गप्प. आम्ही नवा राउटर बसवला, त्याच्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. बायको म्हणाली, "अहो, अक्का थंड झाल्या."

रविवारी दुपारी ती आली. दारातच उभी. "मास्तर, रेखाला फोन लावता का? मिरच्याचं सांगायचं व्हतं."

मी लावला. रेखानं तिकडं स्पीकर सुरू केला, मी इकडं. अक्का मला म्हणाली, "इचारा, जेवली का." पलीकडून सुभद्राबाई रेखाला म्हणाली, "सांग, जेवले. त्यांचं इचार." दोघी एकमेकींना स्वच्छ ऐकत होत्या आणि मी आणि रेखा मध्ये हमाली करत होतो. भाकरी झाली, भाजी झाली, मिरच्या झाल्या. मग माझं ताट वाढलं गेलं. फोन अक्काच्या हातात देऊन मी आत गेलो. तिकडं रेखाही पोराला जेवू घालायला उठली असावी.

जेवून बाहेर आलो. अक्का ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, फोन कानाला घट्ट धरून. एक शब्द नाही. मला वाटलं, कट झाला.

"अक्का, बोला की आता. कुणी नाही मध्ये."

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलीया ती. घोरायली." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "भिंतीतून रोज ऐकू येतंय मला. ती गेल्यापून डोळ्याला डोळा न्हाई, मास्तर. घरात लई गप्प गप्प झालंय."

तिनं पुन्हा फोन कानाला लावला, डोळे मिटले. थोड्या वेळानं तिची मान एका बाजूला कलली.

फोनची बॅटरी संपत आली होती. मी आतून चार्जर आणला, खिडकीतून वायर बाहेर काढली आणि तिला जाग येणार नाही अशा बेतानं फोनला लावली.