वारसा म्हणून नोंद झालेला आमचा बंबखाना

चाळीस वर्षं मी सुगिनामी गल्लीच्या स्वयंसेवी आगपथकात आहे आणि हाती घेतलेलं एकही काम माझ्याकडून फसलेलं नाही! असं मी बायकोला ठणकावून सांगितलं तेव्हा फुमिए टोफूच्या वड्या पाडत होती. सुरी थांबली नाही, फक्त एक भुवई वर गेली.

"या खेपेला काय हाती घेतलंय?"

"बंबखाना वाचवणार!"

भानगड अशी होती, की आमच्या गल्लीतला जुना लाकडी बंबखाना पाडून पालिकेला तिथे बारा मोटारी उभ्या करायच्या होत्या. वारसा म्हणून नोंद झाली तरच तो वाचणार, आणि ते ठरवायला यागिसावा नावाच्या प्राध्यापक बाई येणार होत्या. खरं सांगू? मी पार थकलो होतो. वय एकसष्ट, दिवसभर टोफूची भट्टी, वर पथकाचं प्रमुखपद! पण माझ्या आधीचे प्रमुख मुरोई आजोबा, वय अठ्ठ्याऐंशी, रोज सकाळी तिथे जाऊन पंपाचं पितळ पुसायचे. बंबखाना गेला तर या माणसाने काय पुसायचं? दुसऱ्यांच्या मोटारी?

"तासाभराचं काम आहे," मी फुमिएला म्हणालो. "बाईंना इमारत दाखवायची, घंटेचा एक टोला ऐकवायचा, जेवू घालायचं. झालं!"

बाई आल्या. बारीक चणीच्या, हातात वही. आल्या आल्या खिडकीवर टकटक केलं.

"ही ॲल्युमिनियमची?"

"मीच बसवली! स्वखर्चाने!" मी छाती फुगवली.

"मूळच्या लाकडी खिडक्या कुठे ठेवल्यात?"

"ठेवल्यात म्हणजे... टोफूच्या भट्टीत घातल्या. काय सुरेख जळल्या हो!"

बाईंनी वहीत बरंच काही लिहिलं. मग छपराकडे बघितलं. ते पत्र्याचं. मी काही बोलायच्या आधीच त्या पुन्हा लिहायला लागल्या. माझी छाती शिळ्या भाकरीसारखी सपाट झाली.

आता सगळी भिस्त घंटेवर. घंटा बंबखान्याच्या मनोऱ्याच्या टोकाला, दोरी खाली. दोरीला मुरोई आजोबांखेरीज कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा हुकूम. मी बाईंना घेऊन धापा टाकत वर चढलो आणि खाली ओरडलो, "आजोबा, एकदाच वाजवा!"

"काय?"

"एकदाच!"

"बरं, बरं!"

आजोबांना कमी ऐकू येतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी 'एकदाच'चं 'एकसारखी' केलंय, हे मात्र तिसऱ्या टोल्याला कळलं! आमच्याकडे एकसारखे टोले म्हणजे आग शेजारी लागलीय, धावा! मी दोन्ही हात हलवून 'थांबा, थांबा' केलं. आजोबांना वाटलं, शाबासकी देतोय. त्यांनी जोर वाढवला! बाई कान दाबून खाली बसल्या.

आणि गल्ली उसळली. ओगुरी न्हावी वस्तरा हातात घेऊनच पळत आला, मागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. शेवयांच्या दुकानातली मालकीण झारा घेऊन आली. कालव्यापासून बादल्यांची रांग लागली. आता आग कुठाय? बंबखान्याच्या मागे फुमिए बाईंच्या जेवणासाठी बांगडे भाजत होती.

"धूर! तो बघा धूर!"

पहिली बादली बांगड्यांवर, दुसरी शेगडीवर, तिसरी फुमिएवर. मी आणि बाई धडपडत खाली आलो. मी मोठ्या अदबीने मागचं दार उघडून "बाई, आधी तुम्ही" म्हणालो. अकरावी बादली बाईंवर!

तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरच्या नव्या अग्निशमन केंद्राचा बंब भोंगा वाजवत आला. शिरस्त्राण घातलेले सहा जण उतरले. "आग कुठाय?"

फुमिए केसांतून पाणी निथळत म्हणाली, "विझली. जेवण होतं ते."

बाईंना पथकाचा निळा डगला दिला, चहा दिला. मी मान खाली घालून उभा. एवढ्या वर्षांचा बंबखाना मी एका दुपारी बुडवला होता. आजोबा कोपऱ्यात बसून पंपाचं पितळ पुसत होते. चूक कुणाची हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं.

बाईंनी ओल्या वहीचं पान सोडवलं. "घंटा सुरू झाल्यापासून पहिली बादली यायला किती वेळ लागला?"

"चार मिनिटं," ओगुरी म्हणाला. "गिऱ्हाईक खुर्चीतून उठेना."

"माझ्या वेळी तीन लागायची!" आजोबा गरजले. हे बरं ऐकू आलं!

बाई हसल्या. "इमारतीची तुम्ही पुरती वाट लावलीय. पण घंटा वाजली की अख्खी गल्ली धावते, असा बंबखाना मी वीस वर्षांत पाहिला नाही. मी शिफारस करते."

आजोबा वाकून नमस्कार करायला उठले आणि वाकलेलेच राहिले. मी धरून वर केलं, तर डोळे ओले. "डोळ्यांत धूर गेला," ते म्हणाले.

तीन महिन्यांनी नोंद झाली, दाराशी पाटी लागली, गल्लीने माझ्या नावाने साके प्यायली. पुढच्याच आठवड्यात पालिकेचं पत्र आलं. 'सदर वारसा वास्तू लाकडी असल्याने तिला आगीचा गंभीर धोका आहे. अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत प्रवेश बंद.' कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्याकडे. आमचा पंप, नळ्या, बादल्या, सगळं आत!

"अहो, आणि मध्येच आग लागली तर?" फुमिएने विचारलं.

"अर्ज करायचा," मी म्हणालो. "तीन प्रतींत."