अकराशे बॅकअप

रविवारी सकाळी बायको बटणं आणायला बाजारात गेली आणि बॅकअपरावांनी एक छोटासा निश्चय केला. छोटे निश्चय त्यांना आजवर कधी मानवलेले नाहीत.

बॅकअपराव हे नाव कार्यालयातलं. एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यांनी न फाडता बाहेर काढला. तेव्हापासून साहेबांनी त्यांना कॉम्प्युटरचे जाणकार ठरवलं आणि रोज सगळ्या नोंदींचा बॅकअप घ्यायचं काम त्यांच्या गळ्यात मारलं. ते खूळ त्यांनी घरीही आणलं. बायको कपडे शिवायची. तीनशे बारा गिऱ्हाइकांची मापं तिने सहा वर्षं खपून कॉम्प्युटरवर एका फाइलीत भरली होती. रोज संध्याकाळी सातला बॅकअपराव ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवत आणि "झाला हं बॅकअप!" अशी आरोळी ठोकत. तीन वर्षांत अकराशे बॅकअप झाले. (उघडून एकही पाहिला नव्हता. कुलूप लावल्यावर दार फोडून कोण बघतं?)

पण शुक्रवारी कार्यालयात एक तज्ज्ञ बाई सांगून गेल्या, "जो बॅकअप परत उघडून बघितला नाही, तो घेतलाच नाही असं समजा." हे त्यांच्या जिव्हारी लागलं. आज परीक्षा घ्यायचीच, आणि तीही कडक! मूळ फाइल जागेवर असताना बॅकअप चालला, तर त्यात कसली मर्दुमकी? त्यांनी नाव शोधून फाइल जिथे जिथे दिसली तिथून पुसली, कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली आणि ऐटीत पेनड्राइव्ह लावला.

कालचा बॅकअप उघडेना. परवाचाही नाही. मागच्या वर्षीचाही नाही. "फाइल सापडत नाही," एवढंच कॉम्प्युटर थंडपणे सांगत राहिला. तेव्हा कुठे त्यांची ट्यूब पेटली. पडद्यावरच्या ज्या चित्रावर टिचकी मारली की मापं उघडत, ते चित्र म्हणजे फाइल नव्हतीच. फाइल कुठे आहे हे दाखवणारी ती नुसती पाटी होती. तीन वर्षं ते इमानेइतबारे पाटी उतरवून ठेवत होते.

उद्या सकाळी बायको एका नाटक मंडळीचे सव्वीस पोशाख कापायला घेणार होती. इतकं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. ती चिडली असती तर त्यांनी सोसलं असतं, पण ती रडेल ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

शिलाई मशीनच्या वर भिंतीला गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांचा कागद चिकटवला होता. ती परत यायच्या आत मापं गोळा करू, म्हणून त्यांनी पहिलाच नंबर फिरवला. नाटकात राणी होणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंचा.

"नमस्कार. आपली कंबर किती?"

"कोण बोलतंय?"

"ते राहू द्या हो. कंबर सांगा, मग दंडाकडे येऊ."

"पोलिसांना बोलावू का?"

"नको, नको! मी तुमच्या शिवणवाल्या बाईंचा नवरा!"

"असं? बायकोला माहीत आहे का हे?"

"तिला अजिबात कळता कामा नये!"

फोन खाडकन बंद झाला.

पंधराव्या मिनिटाला बायको दारात.

"अहो, मुख्याध्यापिकाबाईंना काय विचारलंत?"

बॅकअपरावांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. मशीनच्या खणातून तिने एक छोटा पेनड्राइव्ह काढला आणि लावला. तीनशे बारा मापं, बाह्या-गळ्यांसकट, जशीच्या तशी हजर!

"हा कुणी घेतला?"

"मीच. दर शनिवारी घेते, उघडूनही बघते. तुमचा तो दोन वर्षांपूर्वी उघडून बघितला होता. त्यात नुसती पाटीच होती."

"अगं, मग सांगायचंस ना!"

"सांगणार होते. पण रोज सातला तुम्ही त्यात इतके रमता, की मला अर्धा तास निवांत मिळतो."

बॅकअपराव दिवसभर कॉम्प्युटरकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी सातला बायकोनेच हाक मारली.

"अहो, बसा ना बॅकअपला. तुमचं ते चित्र मी परत लावून ठेवलंय. फक्त त्यालाच हात लावा."

ते बसले. अर्ध्या तासाने सवयीने ओरडले, "झाला हं बॅकअप!"

"शाब्बास," मशीन न थांबवता ती म्हणाली. "अजून एक घ्या. माझी बाही राहिलीय."