हाई मूळ नही शे!

आमच्या गल्लीत कुणाचीही हळद असो. डीजे रंगात आला, नवरदेवाचे मामा तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळायला लागले, की गर्दीतून एक हात वर यायचा. हात नानांचा. नाना वाट काढत डीजेच्या गाडीपाशी जायचे, माइक ओढून घ्यायचे आणि आमच्या अहिराणीत गरजायचे, हे मूळ नाही, "हाई मूळ नही शे!"

मग सगळ्या मांडवाला ऐकावं लागायचं, की ज्या गाण्यावर तुम्ही घाम गाळताय त्याची चाल एका पडलेल्या सिनेमातली आहे, ती पहिल्यांदा गाणाऱ्या बाईचं नावसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही, आणि "तुमना हाऊ गाजेल गवय्या नुसता उष्टं खाई रायना!" लोळणारे मामा पडल्या पडल्या ऐकायचे. उठावं की तसंच राहावं, हे त्यांना कळायचं नाही.

नाना माझे शेजारी. जळगावात डीजे यायच्या आधी लग्नात लाउडस्पीकर लावायचे ते नानाच. लिंबाच्या झाडावर भोंगा, खाली रेकॉर्डची पेटी. फर्माईश व्हायची ती गाजलेल्या गाण्यांची. पण पंगती बसल्या, लोकांचं लक्ष जिलबीकडे गेलं, की नाना कुणी न मागितलेल्या रेकॉर्डी लावायचे. त्यातून त्यांना शोध लागला, की गाजलेली बरीच गाणी या न मागितलेल्यांचीच लेकरं आहेत, बाप म्हणून भलताच मिरवतोय. तेव्हापासून त्यांनी नियम केला. गाजलेलं गाणं लागेल, पण पाठोपाठ मूळही ऐकावं लागेल. माझ्या वरातीत त्यांनी तो नियम पाळला. मूळ गाणं नेमकं विरहाचं निघालं. सासरेबुवा आजही तो विषय काढतात.

असल्या नियमाने धंदा बसला. नाना मात्र दोष डीजेला देत.

खोड गाण्यांपुरती राहिली असती तरी चाललं असतं. हॉटेलात शेवभाजी पुढ्यात आली, की नाना वास घेऊनच सांगत, मसाला मूळ कुणाच्या घरचा. पुढाऱ्याचं भाषण रंगलं, की मागच्या निवडणुकीत हेच भाषण विरोधकाने केलं होतं म्हणून ओरडत. माझ्या मुलाच्या बारशाला पाळण्यात वाकून म्हणाले, "चेहरा मूळ आजाना शे. बापनी फक्त परत वाजाडा." माझ्या बायकोने त्यांना त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

या माणसाला गप्प करणारी एकच व्यक्ती होती, त्यांची बायको शांताक्का. बाई साधी, अबोल. पण श्रावणात कानबाई देवी बसली, की गल्लीतल्या बायका तिला मधोमध बसवत, कारण तिने एक गाणं रचलं होतं. "कानबाई माय, आमनी गल्लीमा ऱ्हाय." अक्का डोळे मिटून गायची आणि नाना उंबऱ्यात उभे राहून ऐकायचे. त्या वेळी हात वर नाही की गर्जना नाही.

दोन वर्षांपूर्वी अक्का गेली. आणि यंदा धुळ्याच्या राकेश डीजेने तेच गाणं दणदणाटात वाजवून बाजारात आणलं. ज्याच्या त्याच्या फोनवर तेच. खाली नाव, 'गीत, संगीत : राकेश'.

गल्ली पेटली. बायकांची पुढारी मीराताई सरळ नानांकडे गेली. "नाना, आता तुम्हीच त्याला दाखवा मूळ कोणाचं ते!" नाना कपाटाकडे बघत म्हणाले, "जाऊ द्या."

ज्या माणसाने परक्या गायिकेसाठी माझी वरात नासवली, तो स्वतःच्या बायकोसाठी जाऊ द्या म्हणतो? मला खरंच राग आला. संध्याकाळी जाऊन मी तसं तोंडावर बोललो.

नानांनी दार लावून घेतलं. कपाटाच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली रेकॉर्ड काढली आणि अगदी बारीक आवाजात लावली. नाना आणि बारीक आवाज! कुठल्यातरी विसरलेल्या हिंदी सिनेमातलं गाणं होतं. शब्द वेगळे, पण चाल? थेट कानबाईची.

"नवं लगीन व्हतं," नाना म्हणाले. "मी घरमा भोंगा तपासू, ती तांदूळ निवडे. मन्हाच भोंगामाईन तिन्हा कानमा गयं ते. तिले वाटनं, आपलेच सुचनं. पहिल्यांदा बायकास्मा गायी तव्हय तिन्हं तोंड इतलं फुलेल व्हतं... तिले काय सांगतू? हाई मूळ नही शे?"

त्या दिवसापासून ती रेकॉर्ड त्यांनी कुठल्याच लग्नात लावली नव्हती.

"आते भांडन करं, तर राकेश मूळ शोधी. शोधी तर त्याले सापडी." नानांनी सुई उचलली.

पण गाणं गाजलं म्हणून गल्लीतल्या पोरांनी कानबाईच्या विसर्जनाला नेमका राकेशच ठरवला होता. सकाळी बायका डोक्यावर कानबाई घेऊन निघाल्या, त्याने ते गाणं लावलं आणि मीराताईने त्याचा माइक हिसकावला. "हे आमच्या शांताक्काचं गाणं आहे!"

राकेश हसला. एका हळदीत नानांनी त्याचाही माइक ओढला होता. गाणं बंद करून म्हणाला, "ताई, भांडण कशाले? नाना उभे शेतस ना. ते सांगतीन ते खरं. बोला नाना, मूळ कोनं शे?"

सगळी गल्ली वळली. नाना पुढे गेले. माइक त्यांनी दोन्ही हातांनी धरला. भोंग्याच्या आयुष्यात त्यांनी एकदाही खोटी माहिती दिली नव्हती.

"हाई मूळ शे," नाना म्हणाले. "शांतानं शे."

राकेशने कान पकडले आणि अक्काचं नाव तीनदा पुकारलं. बायकांनी डीजे बंदच ठेवायला लावला आणि टाळ्यांवर गाणं धरलं. मिरवणूक पुढे गेली. नाना माझ्याजवळ येऊन उभे राहिले, उपरण्याने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाले, "भो, आते हळदीमा माले माइक देऊ नका."