बघण्याचा कार्यक्रम, कसारा स्टेशन

तुळशीदासला कसारा स्टेशन तोंडपाठ होतं. निदान तो तसं सांगायचा, आणि जव्हारमध्ये त्याचं म्हणणं खोडून काढणारा कोणी नव्हता. जव्हारला रेल्वे नाही, मोखाड्याला नाही. त्यामुळे सरकारी कामासाठी चार वेळा कल्याणला जाऊन आलेला कारकून तालुक्यात रेल्वेचा जाणकार ठरला तर त्यात नवल काय? कसाऱ्याची इमारत इंग्रजांच्या काळातली आहे, घाट चढायला गाडीला मागून दुसरं इंजिन ढकलतं, ही माहिती तो अशा थाटात द्यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, मागून ढकलायला हाच जातो.

तेव्हा भाचीचा बघण्याचा कार्यक्रम कुठे ठेवायचा हा प्रश्न आला आणि उत्तर त्याच्याकडे तयार होतं.

"कसारा स्टेशन," तो म्हणाला.

त्याची थोरली बहीण जिजा तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला.

"मुलगी हाय माझी. पार्सल नाय."

"आक्का, ऐक तर. मुलाकडची माणसं टिटवाळ्याची. मुलाच्या आईला घाट लागतो. गेल्या खेपेला ती बाई खोडाळ्याच्या पुढे आलीच नाही, पिशवी तोंडाशी धरून परत गेली. त्यांनी लोकलने कसाऱ्यापर्यंत यायचं, आपण जीपने उतरायचं. वेटिंग रूम आहे, उंच छत, लाकडी बाकं. चहा दारात. आपल्या साखरशेतात एवढं मोठं घर आहे का कोणाचं?"

जिजाने नवऱ्याकडे बघितलं. पुंजादादा सहसा बोलत नसत. आताही त्यांनी फक्त विडी कानामागून काढली आणि परत कानामागे ठेवली. घरात याला संमती म्हणत.

हर्षदा आश्रमशाळेत शिक्षिका होती. आधीची दोन स्थळं येऊन, पोहे खाऊन, 'कळवतो' म्हणून गेली होती. त्यानंतर कोणी काही कळवलं नव्हतं. ती मामाला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, मुलगा मी शिक्षकांच्या शिबिरात पाहिलाय. साधा आहे. मला बरा वाटला. या वेळी 'कळवतो' नको."

"पोरी," तुळशीदास म्हणाला, "या वेळी होकार फलाटावरच घेतो. गाडी सुटायच्या आत."

*

(इथे कथेला थोडा उशीर होत आहे. जीप विहीगावच्या उतारावर आहे आणि तुळशीदास पुढच्या सीटवरून ड्रायव्हरला गिअर कधी बदलायचा ते सांगतो आहे.)

*

वेटिंग रूममध्ये सगळं त्याच्या मनासारखं झालं. म्हणजे तो बोलत राहिला.

मुलाची आई कुसुमावती ही धिप्पाड, शांत बाई. शेजारी मुलगा केयूर, कल्याणला शिक्षणखात्याच्या कचेरीत नोकरीला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वडील ड्युटीवर, म्हणून आले नव्हते. कुसुमावती हर्षदाकडे वळून म्हणाली, "शाळेत काय शिकवतेस गं?"

"गणित शिकवते," तुळशीदास म्हणाला. "आणि विज्ञान. पाढे तर असे घेते की कौलं हलतात."

"मुलं किती असतात वर्गात?"

"भरपूर," तुळशीदास म्हणाला.

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

"हीच. नागलीची भाकरी म्हणाल तर, विहीणबाई, चंद्र."

जिजाने त्याच्या बरगडीत कोपर मारलं. 'विहीणबाई' जरा आधीच झालं होतं. पण तुळशीदासला वाटलं, बहिणीला त्याचं बोलणं आवडलं असावं. मग त्याने इमारतीचा इतिहास सांगितला. बोगदे सांगितले. मागून ढकलणारं इंजिन सांगितलं. हर्षदाने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. केयूर तिच्याकडे बघत होता. कुसुमावती तुळशीदासकडे बघत होती, खडखडणाऱ्या पंख्याकडे बघावं तशी.

शेवटी ती उठली. "गाडी लागलीय. निघतो आम्ही." आणि पदर सारखा करत म्हणाली, "कळवतो."

हर्षदाचा चेहरा उतरला. तुळशीदासचा उतरला नाही. गाडी अजून सुटायची होती ना.

*

आता साखरशेतची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

पाहुण्याला वाटेला लावायचं म्हणजे नुसता हात हलवायचा नाही. एसटीत चढायचं. त्याची पिशवी वर ठेवायची. खिडकी उघडते का बघायचं. थोरांच्या पाया पडायचं, पोरांचे गालगुच्चे घ्यायचे, "पाणी हाय ना?" विचारायचं, मग राहिलेलं बोलणं काढायचं. कंडक्टरला हे ठाऊक असतं. तो दारात उभा राहून तंबाखू मळतो आणि शेवटी म्हणतो, "चला रे, उतरा आता." मग उतरायचं. कोणाचा निरोप अर्धा टाकून सुटलेली एसटी त्या भागात कोणी पाहिलेली नव्हती.

लोकल रिकामी उभी होती. कुसुमावती आणि केयूर डब्यात जाऊन बसले. त्यांच्या पाठोपाठ तांदळाची गोणी घेऊन पुंजादादा चढले आणि भोपळा घेऊन तुळशीदास.

तेवढ्यात फलाटावरून जिजा ओरडली, "अरे, ओटी राहिली. बाईंना खाली पाठव."

"बसल्या जागी भर ना."

"गाडीत ओटी भरत नाय. पाय भुईला लागाया पाहिजेत."

"उतरा, विहीणबाई, निवांत उतरा," तुळशीदास म्हणाला. "गाडी कुठे जात नाही."

कुसुमावती उतरली. जिजाने तिला पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. हर्षदाने ताट धरलं. डब्यात तुळशीदासने गोणी सीटखाली सरकवली, भोपळा वर फळीवर बसवला, खिडकी उघडते का बघितलं. उघडत होती. मग केयूरच्या खांद्यावर हात ठेवून राहिलेलं बोलणं काढलं.

लोकलने बारीकशी शिट्टी दिली आणि ती निघाली.

"थांबेल," तुळशीदास म्हणाला.

ती थांबली नाही. त्याने दारात जाऊन डब्याचा पत्रा हाताने एकदा जोरात वाजवला. एसटीत एक घंटा म्हणजे थांब. गाडीने वेग घेतला.

पलीकडच्या बाकावर दुधाचे रिकामे कॅन घेऊन एक गवळी बसला होता. तो म्हणाला, "काका, ड्रायव्हर बारा डबे पुढं हाय. त्याला काय ऐकू येणार?"

फलाटावर नारळ हातात धरलेली कुसुमावती लहान होत होती, शेजारी जिजा आणि हर्षदा. तिघींची तोंडं उघडी. मग वळण आलं.

(त्या तिघींचं पुढे काय झालं ते आता सांगता येत नाही. ही कथा तुळशीदासच्या मागोमाग डब्यात चढली होती आणि तिलाही उतरता आलं नाही.)

*

"आई राहिली," केयूर म्हणाला.

"काळजी करू नका, जावईबापू. उलट बरं झालं. आपण पुरुष पुरुष मोकळेपणाने बोलू."

पुंजादादा खिडकीशी बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते आगगाडीत बसले होते. "बरी हाय," ते म्हणाले. "दणके नाय बसत."

तुळशीदासने केयूरला थेट विचारलं, "मुलगी पसंत आहे का नाही?"

केयूर कानापर्यंत लाल झाला. "मला आहे. पण आईचं..."

"काय आईचं?"

"आई म्हणाली, मुलगी एक शब्द बोलली नाही. घुमी असली तर घरात कसं होणार? आमच्या थोरल्या वहिनी अशाच आहेत. चार वर्षं झाली, आईला अजून त्यांचा आवाज माहीत नाही. आई म्हणाली, तशी दुसरी नको."

तुळशीदास गप्प झाला. गवळ्याने चमकून बघितलं, एवढी ती शांतता दणक्यात आली. हर्षदा घुमी? शाळेत तिचा आवाज ऐकून शेजारच्या माळावरची गुरं वळतात. पण तिला बोलायला वाव... त्याने हा विचार अर्ध्यावर सोडला. तो त्याला गैरसोयीचा होता.

"मी जाऊन समजावतो," तो म्हणाला. "असं बोलतो की बाई नाही म्हणणार नाही."

खर्डीला तिघं उतरले. गोणी उतरली. भोपळा फळीवरच राहिला आणि मुंबईला गेला.

फलाटावर तिकीट तपासनीस उभा होता. त्याने तुळशीदासच्या हातातलं प्लॅटफॉर्म तिकीट उलटंपालटं करून बघितलं.

"हे कसाऱ्याचं. तुम्ही उभे खर्डीला. कसाऱ्याचा फलाट इतका लांब कधी झाला?"

तुळशीदासने सगळं सांगितलं. घाट, उलट्या, वेटिंग रूम, ओटी, रीत. साहेबाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याने पुंजादादांना विचारलं, "मुलीचे वडील तुम्ही?"

पुंजादादांनी मान हलवली.

"होकार आला?"

पुंजादादांनी पुन्हा मान हलवली, दुसऱ्या दिशेने.

"मला तीन मुली आहेत," साहेब म्हणाला. "समोरून कसारा लोकल येईल. आधी रीतसर तिकिटं काढा आणि पळा. आणि हे बघा मामा, चढताना फक्त चढा. कोणाला सोडायला चढू नका."

*

परतीच्या गाडीत तुळशीदासने भाषण जुळवलं. सुरुवात नम्र, मध्ये शाळेतलं एक उदाहरण, शेवट डोळ्यांत पाणी आणणारा. कसारा येईपर्यंत ते इतकं पक्कं झालं की पुंजादादांना झोप लागली.

वेटिंग रूमच्या दाराशीच त्याला आवाज ऐकू आला. हर्षदा बोलत होती. मध्येच कुसुमावतीचं हसू, खो-खो, डोळे पुसत. बाकावर चहाचे ग्लास, आणि जिजा कुसुमावतीच्या ओटीतला नारळ सांभाळत बसलेली.

तुळशीदास आत शिरला. घसा साफ केला.

"विहीणबाई, आमची हर्षदा म्हणजे..."

कुसुमावतीने तळहात वर केला. "बसा मामा. ठरलं."

"ठरलं? कधी?"

"गाडी सुटली, मग जरा शांत झालं ना, तेव्हा."

"पण मुलीचं बोलणं..."

"बोलते की. चांगली बोलते. मी विचारलं, गाडी तर गेली, आता काय करायचं? तर म्हणाली, आई, पुढची येईपर्यंत चहा घेऊ, आणि मामा परत यायच्या आत तुम्हाला काय विचारायचंय ते विचारून घ्या."

हर्षदा ताटाकडे बघत होती. केयूर हर्षदाकडे बघत होता. पुंजादादांनी कानामागची विडी काढली आणि या खेपेला पेटवायलाच निघाले. जिजाने हात धरून त्यांना बाहेर पाठवलं.

भाषण घशात तसंच अडकलेलं. तुळशीदासने ते चहाबरोबर गिळलं. मग कामाचं विचारलं, "बरं, पुढची बोलणी कुठे करायची? देणंघेणं, तारीख, मानपान?"

"इथेच करू," कुसुमावती म्हणाली. "जागा चांगली आहे. फक्त त्या दिवशी मामांना आधीच्या लोकलमध्ये बसवून द्या."

तुळशीदासने त्यातला पहिला भागच ऐकला. तो बहिणीकडे वळला, छाती पुढे काढून.

"बघ आक्का. सांगत नव्हतो? स्टेशन पसंत पडलं."